काकूंसमोरची दहा दारं

आमच्या घरमालकांनी पहिल्या दिवशी मला घराचे नियम सांगितले नाहीत, पुकारले. मी लोणारकडून बदली होऊन जळगाव जामोदच्या शाळेत रुजू झाले होते. एक बॅग आणि एक गॅसची शेगडी घेऊन त्यांच्या अंगणात उभी होते. ते ओसरीवर आले, हात मागे बांधले, मान थोडी वर केली आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहत बोलू लागले. जणू माझ्या मागे पाच-पन्नास माणसं पिशव्या घेऊन उभी होती.

"पान्याची मोटर सकाळी सहा वाजून दहा मिन्टाले चालू होईन. सहा पस्तीसले बंद होईन. फाटकाले साडेनऊले कुलूप लागन. पाहुना येनार असंन तर आदल्या दिवशी सांगा लागन."

"हो काका."

"तुमी लोनारकडचे लोक मले-तुले म्हनाच्या जागी मला-तुला करता. त्याले आमची काई हरकत नाई."

एवढं बोलून ते आत गेले. मागे उंबऱ्यात काकू उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. त्या हसत आहेत हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

काका बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. स्टँडचा माइक महिन्यातले पंधरा दिवस बंद असायचा, त्यामुळे नोकरीची सगळी वर्षं त्यांनी गाड्या उघड्या गळ्याने पुकारल्या. निवृत्त झाले तरी गळा निवृत्त झाला नव्हता. जेवायला बसताना "जेवन वाढा" असं ते म्हणत नसत. "बारा पंचेचाळीस झाले" असं म्हणत, आणि काकूंच्या हातातलं ताट त्याच क्षणी खाली टेकायचं. गावातला एखादा माणूस रस्त्यात भेटून "कसे आहात" म्हणाला, तर ते आधी घड्याळ पाहत. किती मिनिटं बोलायचं ते ठरवत आणि तेवढी झाली की वाक्य अर्धं टाकून निघून जात. माणूस वाईट नव्हता. भाडेकरूंना त्रास नव्हता. पण त्यांना कोणी काही सांगतंय आणि ते ऐकतायत, असं दृश्य मी पहिल्या वर्षात एकदाही पाहिलं नाही.

मी राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ओसरीवर बसलो होतो. काकू शेजारी सुपात तूरडाळ निवडत होत्या.

"मी गाडीसाठी कोनाले थांबलो नाई, मॅडम," काका म्हणाले. "खुद्द हिच्यासाठी थांबलो नाई."

मी काकूंकडे पाहिलं. त्या डाळ निवडत राहिल्या.

"हिची माय वरवट बकालले वारली. सकाळी निरोप आला. मी ड्युटीवर होतो. घरी सांगून धाडलं, नऊ वीसची गाडी हाये, ये म्हना. नऊ वीस झाले, ही दिसेना. मी कंडक्टरले म्हनलं, सोड. गाडी फाटकातून भाईर पडली आन ही तिकून येऊन राह्यली, पोराले काखेत घेऊन. धावता येत नोतं तिले."

"मग?"

"मंग काय? पुढची गाडी साडेअकराले. बसली बाकड्यावर."

"पण काका, त्यांची आई गेली होती. दोन मिनिटं थांबवली असती तर..."

"गाडीत बेचाळीस मानसं होते. त्यातल्या कोनाची माय बिमार असंन, कोनाची तारीख असंन. येळ म्हंजे येळ."

हे ते अभिमानाने सांगत होते. नोकरीतला आपला सगळ्यात चोख दिवस सांगावा तसं. काकूंनी डाळीतला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"पोचली तवा माती होऊन गेल्ती," त्या म्हणाल्या. मीठ किती टाकलं ते सांगावं, तशा आवाजात. आणि सूप घेऊन आत गेल्या.

माझ्या दोन खोल्या मागच्या बाजूला होत्या. मध्ये हातभर रुंदीचा बोळ, आणि बोळापलीकडे त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी. माझी टेबलाशेजारची खिडकी तिच्या बरोबर समोर. काका घरी नसले की काकू त्या खिडकीतून हाक मारायच्या. ठेचा, भाकरी, कधी शेंगदाण्याची चटणी असं काहीतरी बोळावरून माझ्या हातात यायचं. काका दुपारी स्टँडवर जुन्या मंडळींत बसायला जात तेव्हा मी तिकडे जाऊन बसायचे. स्वयंपाकघर त्या घरातली सगळ्यात मोठी खोली होती. ओट्याखाली सहा दारं, वर भिंतीतल्या कपाटाला चार. सगळी प्लायवूडची, सपाट, पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलेली. दवाखान्यात असतात तशी.

एकदा पोळ्या लाटता लाटता काकू मला म्हणाल्या, "नांदुऱ्याले माह्या बहिनीकडे अशीच दारं हायेत. पन तिच्या दारायले वेलीची पट्टी हाये. लाकडाची, कोरलेली. चारी बाजूनं अशी फिरते आन कोपऱ्यात येऊन दोन पट्ट्या अशा भिडते का जोड दिसत नाई."

बोलता बोलता त्यांनी पिठाच्या बोटाने एका दारावर चौकोन काढला. कडेपासून चार बोटं आत, सरळ. कोपऱ्यांवर जरा थांबत. मग चौकोनाकडे पाहिलं.

"घर बांधलं तवा ह्याइले म्हनलं होतं. एवढंच म्हनलं होतं. तर म्हने, पट्टीच्या खाचेत तेल बसते, धूळ बसते, पुसन कोन?"

त्यांनी पदराने चौकोन पुसून टाकला.

"जसं काई आजवर हेच पुसून राह्यले होते."

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी शाळेची तयारी करत होते, तेव्हा समोर परात पडल्याचा आवाज आला. पडलेलं भांडं गडगडत जाऊन थांबतं. मग कोणीतरी ते उचलतं, निदान काहीतरी पुटपुटतं. तसं काहीच झालं नाही. मी खिडकीतून पाहिलं तर काकू ओट्याशी खाली बसल्या होत्या, एका बाजूला कलून. एका दाराचा आधार घेतल्यासारख्या.

महिनाभर अकोल्याला दवाखान्यात होत्या. एका रविवारी मीही गेले होते. डॉक्टरांनी काकांना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की उजवी बाजू परत येणं कठीण आहे. बोलणंही गेलं आहे. "अशा पेशंटकडे कधी कधी एखादा शब्द उरतो," ते म्हणाले. "तो त्या निवडून बोलत नाहीत. काहीही म्हणायचं असलं तरी तोच बाहेर येतो. त्याचा अर्थ लावत बसू नका."

काकूंकडे उरलेला शब्द होता, नको.

पाणी हवं असलं तरी नको, नको असलं तरी नको. मला पाहून त्यांच्या डोळ्यांत ओळख यायची, डावा हात पुढे यायचा आणि तोंडातून निघायचं, नको. त्या शब्दाला त्या किती प्रकारांनी वळवायच्या! लांबवून, तोडून, हाक मारल्यासारखा, विचारल्यासारखा. एकदा त्यांच्या पुण्याच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा त्या नको-नको-नको करत अक्षरशः गात होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुलगा फोनमध्ये रडत म्हणाला, "आई, काय नको? सांग नं, काय नको?"

काकांनी त्यांची खाट स्वयंपाकघरात घातली. स्वयंपाक त्यांनाच करायचा होता, आणि काकूंवर नजरही ठेवायची होती. सुरुवातीला बाई ठेवली होती, ती आठ दिवसांत गेली. काका तिला पुकारायचे, ते तिला सोसेना. मग सगळं त्यांनीच केलं. अंग पुसणं, लुगडं बदलणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. त्यात मात्र त्यांच्या वेळेच्या हट्टाचा उपयोग झाला. पावणेदोन वर्षांत काकूंच्या पाठीला एक चट्टा पडला नाही. तपासायला येणारे डॉक्टर दर वेळी नवल करत.

खाट ओट्याच्या समोरच्या भिंतीला होती. उजवीकडे मान वळत नसे, म्हणून तोंड ओट्याकडे.

"दिवसभर तिले दारंच दिसते," काका एकदा मला म्हणाले. पुकारून नव्हे, नुसते म्हणाले. त्यामुळे ते माझ्याशी बोलतायत हे कळायलाच मला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी ते माझ्यावर काकूंचे दोन तास सोपवून खामगावला गेले आणि आठ फुटी चार लाकडी पट्ट्या घेऊन आले. एसटीतूनच आणल्या. मधल्या वाटेत आडव्या टाकून, प्रवाशांना पाय वर घ्यायला लावून. नक्षीची पट्टी, तिला प्लायवूडवाले मोल्डिंग म्हणतात. दोरीला पीळ घातल्यासारखी नक्षी होती. सोबत बारीक, बिनडोक्याचे खिळे, एक छोटी करवत, आणि तिरकं कापायला खाचा पाडलेली लाकडी पेटी.

सुतार बोलवा, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "मिस्त्री लावून चालला जाईन. तिले पसंत नाई पडली तर मंग कोन काढन?"

आयुष्यात हातात करवत न धरलेला माणूस. पहिल्या दाराला पूर्ण दिवस लागला. कडेपासून माप घेऊन पेन्सिलीने रेघ मारली, पट्ट्या कापल्या, ठोकल्या. कोपऱ्यात दोन पट्ट्यांच्या तिरक्या तोंडांत करंगळी जाईल एवढी फट राहिली. मग ते खाटेजवळ जाऊन उभे राहिले. हात मागे, मान वर.

"ही दोरीची पट्टी हाये. पसंत हाये का नाई?"

"नको," काकू म्हणाल्या.

 काका म्हणाले, "नामंजूर," आणि पटाशी घालून पट्टी उचकटायला बसले.

मला वाटलं, निराशेने करतायत. तसं नव्हतं. पंधरा दिवसांनी ते मण्यांच्या नक्षीची पट्टी घेऊन आले. तीही लावली, विचारलं, नको, काढली. मग साधी, गोल पाठीची. नको. मग बाहेरची रुंद आणि आतली अरुंद अशी दुहेरी. नको. दर वेळी दारांना नवी भोकं पडायची, जुनी ते पुट्टीने बुजवायचे, वर रंगाचा हात द्यायचे. रंगाच्या वासाने काकूंना खोकला व्हायचा, म्हणून त्या दिवशी खाट ओसरीवर यायची. पट्टी कायमची चिकटवणारा सरस मात्र कधी लावत नसत. "सरस मंग. आदी तिनं हो म्हना लागते."

मी शेवटी त्यांना सांगितलंच. मला राहवलं नाही. "काका, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? त्यांचा नको म्हणजे नको नाही. त्यांना दुसरा शब्दच येत नाही. पाहा." मी काकूंना विचारलं, "काकू, चहा घेणार?"

"नको," त्या म्हणाल्या, आणि मी कप ओठांना लावला तसा सगळा चहा प्याल्या.

"पाहिलंत?"

"खायाप्यायाचं वेगळं," काका म्हणाले. "त्याले ती आदीपासूनच नको म्हनते. मी जेवल्याशिवाय तिनं कधी ताट घेतलं नाई. ते मी मानत नसतो."

"मग पट्टीचं कसं मानता?"

त्यांचा चेहरा लाल झाला. "डॉक्टर तिले महिनाभर ओळखते. मी चाळीस वर्सं ओळखतो. ती सांगून राह्यली आन तुमी म्हनता ऐकू नका?"

मी तोंडात आलेलं बोलून गेले. "चाळीस वर्षं तुम्ही तेच तर करत होता."

त्यानंतर तीन आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत. मोटरची वेळ बदलली, तीही त्यांनी अंगणात भिंतीकडे तोंड करून पुकारली.

खरं सांगायचं तर त्यांच्यावरचा माझा राग याच काळात कमी होत गेला. मी रोज खिडकीतून पाहत होते. भाजी चिरताना ते विचारायचे, "वांगं करू का भेंडी?" दार उघडं ठेवू? पंखा कमी करू? उशी वर घेऊ? ज्या माणसाने उभ्या आयुष्यात बायकोला प्रश्न विचारला नाही, तो आता दिवसभर प्रश्न विचारत होता. प्रत्येकाला उत्तर एकच येत होतं. ते उत्तर ऐकून थांबायचे, विचार करायचे, मग काहीतरी करायचे. आणि पट्टीच्या बाबतीत मात्र शब्दशः मानायचे. त्या एका गोष्टीत त्यांना मोडता घालायचा नव्हता.

त्याच अबोल्यात, दुसऱ्या दिवाळीनंतर, ते नांदुऱ्याला जाऊन आले. मेव्हणीच्या घरी, जिथे लग्नकार्याशिवाय कधी पाऊल टाकलं नव्हतं. स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी दारांचे मोबाइलवर फोटो काढले. काकूंची बहीण मला नंतर फोनवर म्हणाली, "भाऊजीनं टेप लावून माप घेतलं वो. चहा प्याले नाई. माप घेतलं आन गेले."

तशी वेलीची पट्टी खामगावात मिळेना. अकोल्याला मिळाली. तोवर त्यांचा हात बसला होता. या वेळी त्यांनी एकच दार करून पाहिलं नाही, दहाच्या दहा केली. आठ दिवस काम चाललं. कोपऱ्यात पान पानाला भिडलं, जोडात नख शिरलं नसतं. शेवटच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते असं. संध्याकाळचं ऊन पश्चिमेच्या झरोक्यातून ओट्यावर पडलं होतं आणि दहाही दारांवर वेल उठून दिसत होती.  काकूंना जे हवं होतं ते हेच, त्यांनी पिठाच्या बोटाने काढून दाखवलेलं. मला माहीत होतं.

"नांदुऱ्याची हाये," काका म्हणाले.  "पसंत हाये का?"

काकूंनी दारांकडे पाहिलं. एकेक करून पाहिलं, वरची चार, खालची सहा. डावा हात उचलला. बोट पुढे केलं. हवेत ते बोट थोडं फिरलं.

"नको," त्या म्हणाल्या. आणि हसल्या.

"काका, हसल्या त्या. पाहिलंत नं? हो म्हणतायत."

काका माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना माझ्यावर विश्वास ठेवायचा होता, हे मला स्पष्ट दिसलं. मग ते म्हणाले, "तोंडानं काय म्हनली?"



दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या निघायला लागल्या. मी शाळेत लवकर निघून गेले.

तो रविवार एप्रिलमधला. परीक्षा संपल्या होत्या, टेबलावर पाचवीच्या पेपरांचा गठ्ठा होता आणि सोमवारी निकालपत्रकं द्यायची होती. दुपारचे दोन-अडीच झाले असतील. बाहेर ऊन असं की बोळातली भिंतसुद्धा गरम लागत होती. समोर काका काम करत होते. या वेळी त्यांनी नवीनच काढलं होतं, साधी पट्टी आणि फक्त कोपऱ्यात लाकडी पानं. ठोकल्याचे आवाज येत होते, आणि काकूंचा नको.

रोजचंच होतं ते. ठोक, ठोक, नको. मग काकांचा आवाज, "बरं, हे पान उलटं लावतो." ठोक, ठोक. नको. नको. "मंग पानच काढू का?" खिळा उपसल्याचा कर्रकन आवाज. नको, नको, नको.

मला वाटायचं की काकूंच्या त्या शब्दातले सूर मला कळतात. मायेचा वेगळा, रागाचा वेगळा, तहानेचा वेगळा. त्या दिवशी तो शब्द भरभर येत होता, मध्ये श्वास नसल्यासारखा. मी एका मुलाचे गुण दोनदा चुकवले. मनात म्हटलं, झोपेच्या वेळी ठोकाठोक करतायत म्हणून वैतागल्यात. उठले आणि खिडकी लावून घेतली.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. बारा-पंधरा पेपर झाले असतील. मग माझ्या दाराशी कोणीतरी "मॅडम" म्हणालं. इतक्या हळू, की तो आवाज काकांचा आहे हे दार उघडेपर्यंत मला कळलं नाही.

त्यांच्या हातात पकड होती. मी धावत गेले. काकूंच्या डाव्या मुठीत चादर आवळलेली होती. तोंड ओट्याकडे. एका दाराच्या तीन बाजूंना पट्टी होती, चौथी खाली जमिनीवर पडली होती, खिळ्यांसकट.

कोपऱ्यावरचे डॉक्टर पाच मिनिटांत आले. हृदयाचा झटका म्हणाले, अर्धा-पाऊण तास तरी त्रास होत असला पाहिजे. "छाती धरली का? काही सांगायचा प्रयत्न केला का त्यांनी?"

"हाव," काका म्हणाले. "सांगून राह्यली होती. मी पट्टी काढून राह्यलो होतो."

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

मुलगा पुण्याहून पोचेपर्यंत काकूंना ठेवलं. माणसं जमली. नेताना कोणीतरी काकांना विचारलं, किती वाजता काढायचं. ते म्हणाले, "पोरगा म्हनन तवा." शेजारची माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

दहाव्या दिवशी ते माझ्याकडे आले. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या खोलीत आले होते. बसले नाहीत. टेबलाकडे पाहिलं, टेबलाशेजारच्या खिडकीकडे पाहिलं.

"मॅडम, त्या दिवशी तुमाले काई ऐकू आलं होतं का?"

"नाही काका," मी म्हटलं. "मी शाळेत होते."

इतकं पटकन निघालं तोंडातून. ते माझ्याकडे पाहत राहिले. सगळ्या तालुक्याच्या गाड्यांच्या वेळा पाठ असलेला माणूस. मग त्यांनी मान हलवली.

"हाव. शाळेत असान."

आणि गेले. ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय बोलले. त्यांच्या मागे जाऊन खरं सांगायला वीस पावलं लागली असती. मी गेले नाही. जूनमध्ये माझी बदली झाली, लोणारजवळच्याच शाळेवर. निघताना मी त्यांच्या पाया पडले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. तेव्हाही बोलले नाही.

दोन वर्षांनी एका प्रशिक्षणासाठी पुन्हा जळगाव जामोदला जाणं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी काकांच्या घरी गेले. काका खूप वाळले होते. मागच्या खोल्यांत भाडेकरू नव्हता. मुलगा पुण्याला चला म्हणत होता, ते जात नव्हते. मला त्यांनी सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि चहा ठेवला.

दहाही दारांवर वेल होती. नांदुऱ्याची. रंग दिलेला, खिळ्यांची भोकं बुजवून घासलेली, एकही जोड दिसत नव्हता. गावात नवं घर बांधणारे लोक पाहायला येतात, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या मिस्त्र्यांना घेऊन येतात.

"सरस लावून पक्की करून टाकली," ते म्हणाले. "आता कोनी नको म्हनत नाई."

मी कप खाली ठेवला. "काका, त्या दिवशी मी शाळेत नव्हते."

"मले माहीत हाये. रविवार होता." ते गाळणी धुवत होते, पाठ माझ्याकडे. "खिडकी लावल्याचा आवाज आल्ता मले."

"मला वाटलं, रोजचंच आहे."

"मलेबी."

नळ बंद करून ते वळले. हात पंच्याला पुसले. बराच वेळ पुसत राहिले.

"कितीदा म्हनली असंन ती? माही हातोडी चालू होती. मले समदं ऐकू नाई आलं. तुमाले खिडकी लावेपर्यंत आलं असंन."

खोटं मी त्यांच्याशी एकदा बोलून चुकले होते.

"पुष्कळदा, काका," मी म्हटलं. "थांबतच नव्हत्या."

"हाव," ते म्हणाले, आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. "सांगा. पहिल्यापासून सांगा. घाई करू नका."